दर हजारी

अस्त्विथचं पाणी इतकं नितळ
की तळाचा एकेक गोटा काठावरून मोजावा.
पहिल्या दिवशी मी म्हणाले, काय स्वच्छ नदी!
इद्वाल पॅरी हसला नाही.
मांडीपर्यंतचे बूट घालून पाण्यात उभा होता, जाळं आवरत.
म्हणाला, शेवाळ दिसतंय कुठे?
तो दगड उलट. खाली कोण आहे बघ.
कोणीच नव्हतं.
भाडेकरू गेल्यावर झाडून ठेवलेल्या खोलीसारखं
होतं ते पाणी.

वर डोंगराच्या कुशीत राखाडी ढिगारे.
गवत त्यांच्यावर चढत नाही,
मेंढ्या लांबून वळसा घालतात.
त्याच्या पणजोबाने तिथून शिसं काढलं,
आजोबाने जस्त,
बापाने फक्त खोकला.
खाणीच्या फाटकाचं कुलूपसुद्धा आता गंजून एकजीव झालंय.
पाऊस तेवढा अजून कामावर येतो.
वेल्समधला पाऊस, रजा ठाऊक नसलेला,
ढिगाऱ्यातलं चिमूट चिमूट
खाली नदीत पोचवून जातो.

त्या दिवशी सात मासे मिळाले.
ट्राउट. अंगावर कुंकवाच्या बोटासारखे ठिपके.
धडधाकट, चपळ;
एकाने तर माझा हातमोजा फाडला.
यांना काय झालंय, मी विचारलं.
ते तू सांगायचंस, तो म्हणाला.

पाण्यात राहून माशाशी वैर करू नये
असं आमच्याकडे म्हणतात.
पाण्यानेच वैर धरलं तर माशाने कुठे राहावं,
ते कुणी सांगून ठेवलेलं नाही.

अॅबरिस्टविथ. तळघरातली प्रयोगशाळा.
शेपटीजवळून काढलेला रक्ताचा थेंब
काचेवर ओढून पातळ केलेला,
जांभळ्या रंगात बुडवून वाळवलेला.
माणसाच्या तांबड्या पेशीत केंद्रक नसतं.
आपण काय काय गिळलं
ते आपलं रक्त असं सहज दाखवत नाही.
माशाच्या प्रत्येक पेशीत असतं ते,
लंबगोल, जांभळं, मधोमध,
साळीच्या दाण्यासारखं.
आणि कधी कधी त्याच्या शेजारी
एक इवलासा ठिपका. त्याच रंगाचा.
पेशी दुभंगताना
एखादा धागा तुटतो, कुठल्याच वाट्याला जात नाही,
बाजूला पडून गोल होऊन बसतो.

दिसला ठिपका की अंगठ्याने टक्.
एका माशामागे दोन हजार पेशी.
टक्.
बराच वेळ काही नाही.
टक्. टक्.

मार्चमध्ये इद्वाल आला,
कोटाला लोकरीचा आणि ओल्या गवताचा वास.
मेंढ्या विताहेत, तीन रात्री झोप नाही म्हणाला.
बघू दे.
मी खुर्ची दिली. त्याने टोपी काढली,
चर्चमध्ये काढावी तशी, दोन्ही हातांनी,
आणि भिंगावर वाकला.

अरे, म्हणाला.
मेंढी आणि तिचं कोकरू!

माझ्याकडे वाक्यं तयार होती.
गुणसूत्र, खंड, भेग, जड धातू.
ऐन वेळी एकही तोंडात येईना.
हो, मी म्हणाले, दिसतं खरं तसं.

तो वाकलेलाच राहिला.
खोलीत फ्रिजची घरघर,
बाहेर समुद्रावरच्या पक्ष्यांचं भांडण.
मग डोळा न काढता, हळू आवाजात,
आईपासून तुटलंय हे. नाही का?

चाळीस वर्षं मेंढ्या राखलेला माणूस.
कोणतं पिल्लू आचळाला लागत नाहीये
ते त्याला कुंपणाबाहेरून कळतं.

किती आहेत अशी?
हजारात नऊ, मी सांगितलं.
आणि डोंगरापलीकडच्या ओढ्यात?
एक. कधी तेही नाही.
त्याने मान हलवली.
बाजारात भाव ऐकून हलवावी तशी.
नऊ, म्हणाला, टोपी घातली,
आणि जिन्याने वर गेला, कठड्याला धरून.

काउंटरवर आकडा होता. कोणत्या माशाचा,
ते मात्र मी विसरून गेले होते.
शून्य केला.
काच पुन्हा डाव्या कोपऱ्याला आणली.