दोन घनसेंटिमीटर

तिसऱ्या खेपेलाही सगळं नव्यानं आखावं लागतं.
मागच्या गुरुवारची आखणी आज चालत नाही.
आतलं सरकलेलं असतं :
मूत्राशय जरा भरलेलं, आतड्याचा एक वेढा खाली उतरलेला,
आणि गाठ,
अक्रोडाएवढी होती ती सुपारीवर आलेली.

पंचफुला गजभिये, वय एकोणसाठ, पाचपावली.
पलीकडच्या खोलीत उताणी.
आत नळ्या, डावीकडून एक सुई,
कमरेखाली बधिर, सकाळपासून तोंडात पाणी नाही.
बाहेर मेडिकल चौकात ऊन सेहेचाळीसवर.
माझ्या खोलीला खिडकी नाही.

एमआरआयचे काप एकेक पुढे सरकवते,
तीन मिलिमीटर, तीन मिलिमीटर.
मूत्राशयाला पिवळी रेघ, गुदाशयाला तपकिरी,
गाठीला लाल. ती डावीकडे काठाबाहेर निसटते.
पूर्वी सगळ्या बायांना एकच बिंदू होता,
दोन सेंटिमीटर वर, दोन बाजूला.
बाई कुठलीही असो.

पहिल्या खेपेला तिनं विचारलेलं,
"आत काय करता, थे तरी सांग."
तारेच्या टोकाला तांदळाएवढं इरिडियम, मी म्हटलं,
आत जातं, थांबतं, सरकून पुन्हा थांबतं.
कुठं किती सेकंद, ते मी ठरवते.
"म्हणजे रांधणच," ती म्हणाली.
चाळीस वर्षं उलट्या मडक्यावर लांब रोट्या टाकल्यात तिनं
लग्नांच्या पंगतींना, कोपरापर्यंत पीठ ओघळत.
"आगीनं नाही जळत रोटी, पोरी.
हात उशिरा उचलला म्हणून जळते."

पडद्यावर पेरूच्या आकाराची एक रेषा
मूत्राशयाच्या भिंतीत शिरते आहे.
सगळ्यात जास्त भाजणारे दोन घनसेंटिमीटर,
चहाचा चमचा अर्धाही भरणार नाही,
मर्यादेच्या वर.
सातव्या थांब्याचे नऊ सेकंद सहावर आणते.
पेरू मागे सरतो
आणि डावीकडची लाल रेघ उघडी पडते.
सुईला दोन सेकंद देते.
बघते. एक परत घेते.
डॉक्टर ढोबळे खांद्यामागून म्हणतात, "चालेल की."
पाच मिनिटं, मी म्हणते.
ही पाच मिनिटं तिच्या पाठीतून जातात,
ठाऊक आहे मला.

मग जाड दार बंद होतं. अकरा मिनिटं.
कॅमेऱ्यात तिची बोटं दिसतात चादरीवर,
मध्येच उचलली जातात,
काही पलटल्यासारखी.

तार शिशात परतते. मी आत जाते.
"आज लवकर उचलला का हात?"
थोडा, मी म्हणते.
एका बाजूनं.