कूलरवीर, भाग दोन

पहिल्या भागात त्याला एक हिरवा सदरा होता
आणि पाठीवर वाळ्याचा ताटा.
दुसऱ्या भागात बजेट वाढलं:
ताटे दोन.

मी विमल पराते. गोळीबार चौकात माझी मशीन.
गुणवंता निखारे आला, चहा प्यायला, म्हणाला,
"काकू, आता हिरोले केप पायजे. उडताना फडफडली पायजे."
उडतो कसा, मी विचारलं.
"उडत नाही नं. उडाले जाते अन् लाइन जाते."

केप आईच्या करवतकाठी लुगड्यातून काढली.
आईला चाललं असतं का, माहीत नाही.
तिनं सिनेमे दोनच पाहिले, दोन्हीत झोपली.

मे महिना, फुटाळ्याचा काठ, सावलीसुद्धा तापलेली.
ताटे ओले ठेवायला बादली घेऊन एक पोरगा
हिरोच्या मागे मागे,
आणि तीन सीनमध्ये तो चक्क दिसतो.
गुणवंतानं कापलं नाही. त्याला नाव दिलं टिल्लू पंप,
आणि इंटरवलनंतर जग त्यानंच वाचवलं.

खलनायक म्हणजे वीजबिल:
बुधवारीतल्या सुधाकर बुरड्यांनी केलेला
बांबू-कागदाचा बारा फुटी बडग्या.

पहिल्या शोला नणंदेला घेऊन गेले.
ऐन मारामारीत हिरो थांबला,
आमच्याकडे बघून म्हणाला,
"हा ड्रेस कोनं शिवला बे? काखेत काचते."
थिएटर फुटलं.
काचेल म्हणून मीच बजावलं होतं गुणवंताला,
कापड कमी आणलंस म्हणून.
माझंच वाक्य, पुसून, पॉलिश करून.
मी हसले नाही.
मग हसले.
मग शेजारच्या अनोळखी बाईला सांगितलं: मी. मी शिवला.

एका पेपरानं लिहिलं, पाचकळ.
दुसऱ्यानं लिहिलं, पाचकळ, पण आपला.
दहा-बारा जण फलक घेऊन आले, बडग्याची थट्टा केली म्हणून.
बुरडे काका गमछा खांद्यावर टाकून त्यांच्यात जाऊन उभे राहिले:
"अरे बावा, बडग्या थट्टेसाठीच असते.
माह्या आज्यापासून आमी मोठ्यामोठ्यायले जाळून राह्यलो.
तुमी काहून आत्ता आले?"
ऊन फार होतं. मॅनेजरनं सगळ्यांना आत बसवलं.
बाहेर आले तेव्हा फलक आतच राहिले होते.

तान्ह्या पोळ्याच्या आठ दिवस आधी
मोहल्ल्यातली पोरं दारात.
यंदाचा बडग्या कूलरवीर, गळ्यात पाटी:
भाग तीन काढाल तर याद राखा.
"ड्रेस शिवून द्या, काकू. जाळायचाच आहे, हलकं कापड चालते."

गुणवंताला फोन केला. तो इतका खूश झाला
की पैसे तोच देतो म्हणाला. (अजून दिले नाहीत.)

रात्री कापड पसरलं, खडू घेतला.
काखेत यावेळी दोन इंच जास्त सोडले.
जळताना तरी काचू नये.