चेक-आउट अकराला

चेक-आउट अकराला, विमान पहाटे चार चाळीसला.
मधल्या साडेसतरा तासांवर छप्पर घ्यायचं
तर माणशी तीस लारी पडत होते,
म्हणून नाही घेतलं.
त्सियालाबाईंनी आमच्या बॅगा
शिवणयंत्राखाली पायाने सरकवल्या
आणि हाताने खूण केली, जा, हिंडा.
यंत्रावर कुणाचा तरी कोट होता, एका बाहीचा,
भिंतीवर मुलगा, पोलंडात ट्रक चालवणारा.

झेलमच्या वहीत सगळं आहे.
सात तारखेपासून, पाण्याच्या बाटलीसकट.
बसस्टँडवरच्या संडासाचे पन्नास तेत्रीसुद्धा,
कोण गेलं होतं त्याच्या नावानिशी.
आज वहीत उरलेत अकरा लारी पस्तीस,
तिघांत मिळून.
रात्रीच्या बसचे तीन आत्ताच वजा,
ते तिने मोज्यात ठेवले.

तिबिलिसी अशा वेळी बरी वाटते.
बाजारात चीजचा तुकडा चाखायला देतात
आणि घेतलं नाही तरी रागावत नाहीत, लगेच तरी.
गंधकाच्या हमामांच्या घुमटांवर आम्ही
पाठी शेकत बसून राहिलो.
आत जायला पैसे लागतात.
कुजक्या अंड्यांसारखा वास येत होता.
झेलम म्हणाली, हा फुकट आहे, भरून घ्या.

मग ते तळघर.
पाच पायऱ्या खाली, गोल मातीची भट्टी,
आणि भट्टीवाला तिच्यात कमरेपर्यंत वाकलेला,
नुसते पाय बाहेर,
आतल्या भिंतीवर पाव थापत.
होडीच्या आकाराचा पाव, दोन्ही टोकं करपलेली.
तीन घेतले, साडेचार लारी.
माझं पहिलं टोक मोडून होईतो
उन्मेषचा पाव संपला होता.
तो कागदावरचे कण बोटाने टिपत होता.

तेव्हा मला एकेक वार आठवायला लागला.
सोमवारी त्याचा उपास होता.
गुरुवारी होता.
शनिवारी, म्हणे, मारुतीचा.
कॉलेजात पाच वर्षं एका खोलीत राहिलो,
एकादशीला ऑम्लेट खाणारा माणूस हा.
कझबेगीला शुक्रवार होता, उपासाची सोय नव्हती,
तर आम्ही आत खिंकाली खात असताना
तो बाहेर चाळीस मिनिटं
डोंगराचे फोटो काढत होता.
डोंगर त्या दिवशी पूर्ण ढगात होता.
मी त्याला काचेतून हात केला होता,
तोंडात घास असताना.

संध्याकाळी बॅगा उचलायला गेलो.
सात किलोंच्या वर वजन नको,
म्हणून प्रत्येकाच्या अंगावर तीन-तीन स्वेटर,
जिन्यात आम्ही गाद्यांसारखे अडकलो.
त्सियालाबाईंनी झेलमच्या गालाला गाल लावला,
माझ्या पाठीवर थाप मारली,
आणि उन्मेषला थांबवून
त्याच्या वरच्या खिशात चार उकडलेली अंडी घातली,
दोन डावीकडे, दोन उजवीकडे,
आणि मिठाची पुडी.
काही बोलल्या. रागावल्यासारख्या.
बाईंना मराठी येत नाही.
आठवडाभर तो जे सांगत होता
त्यातलं त्यांना काहीच समजलं नव्हतं,
त्यांनी नुसतं त्याच्याकडे बघितलं होतं.

विमानतळावर फरशीवर बसून
झेलमने वही काढली.
लिहिलं: अंडी, चार.
पुढे रकमेची जागा, पुढे नावाची.
बराच वेळ पेनाचं टोपण चावत राहिली,
मग पान न भरताच वही स्वेटरांत कुठेतरी घातली.

प्रत्येकी एक झालं.
चौथं अंडं कागदावर, टरफलांच्या मधे.
घड्याळात एक वाजून गेलेला.
उन्मेषने ते माझ्याकडे सरकवलं.
मी म्हटलं, मला नको, उपास आहे.
आज वार काय?
बुधवार लागला.
बुधवारी कसला रे उपास?
असतो, म्हटलं.
त्याने माझ्याकडे पाहिलं,
मग मिठाकडे.
मीठ संपलं होतं.
तसंच खाल्लं त्याने, दोन घासांत,
आणि सूचनाफलकावर आमचं विमान
अजून कुठेच नव्हतं.