वस्तू क्रमांक सतरा

मला बोलावलं होतं मराठी पाट्या लिहायला,
वेंगुर्ल्यात, बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात.
भिंतींना अजून बांगड्याचा वास
आणि मधोमध, पांढऱ्या चौथऱ्यांवर,
उतरवलेल्या घरांचे अवयव:
जांभ्याचे चिरे, कौलं, शिंपल्यांच्या चुन्याचं ढेकूळ,
एक उंबरठा,
ज्याच्या दोन्ही अंगांना आता बाहेरच होतं.

वास्तुकारांनी दिलेला शब्द: चक्राकार.
सत्तावीस वेळा लिहिला.
चौदाव्यांदा काना राहिला,
कुणाच्या लक्षात आलं नाही.

सतरा नंबरला होडीची फळी. उंडीची.
इनास मेस्त्री तिथं थांबले. चष्मा घरी राहिलेला,
म्हणून बोटांनी वाचली.
"ही भोकां माजी. ही माज्या बापाशीची.
ही तिसरी रांग कोणाची, देव जाणे."
आधी होडी, मग पडवीचं दार,
मग चार वर्षं कोंबड्यांचं खुराडं.
पाटीवर माझ्याच अक्षरात: पुनर्वापर.
मी 'पुनर्' खोडलं.
वापर थांबलाच कधी होता?

कोपऱ्यात डोंगराची प्रतिकृती होती, सुंदर,
लाकडाच्या भुशाची.
चिरेखाण तेवढी नव्हती तीत.
चिरा फिरतो, या घरातून त्या घरात, गडग्यात,
विहिरीच्या काठाला;
खड्डा कुठं जात नाही.
पावसात भरतो, मे महिन्यात तळ दाखवतो.
त्याच्यासाठी पाटी मागितली नाही कुणी,
आणि मीही
पाटीमागे साठ रुपये घेत होते, गप्प राहिले.

निघताना मेस्त्रींनी हात फिरवला साऱ्या दालनावर:
"ह्यां सगळां मगे खंय जातलां?"
वास्तुकार बाईंनी वही उघडली.
पहिलं पान, दुसरं पान. उद्‌घाटन, चर्चासत्र, चहापान.
मग वही मिटून, खरंखुरं, त्यांनाच विचारलं:
"तुम्ही सांगा."

रविवारी टेम्पो आला.
चौथरे गेले सुकटीच्या ओट्यांवर,
कौलं रेमेदिनच्या गोठ्यावर,
दारातला फ्लेक्स जाळ्यांच्या खोपीवर, उलटा:
आत बसलेल्या बायकांच्या डोक्यावर
मोठ्या अक्षरांत व्यवस्थाबदल,
आणि सुतळी तोडायला दात.

फळी मेस्त्रींनी खांद्यावरून नेली.
चौथी रांग पडली असेल एव्हाना.

पाटी माझ्याकडे आहे. पाठकोरी.
तिच्यावर दुधाचा हिशोब,
अकरा तारखेपर्यंतचा.