पिशवीचं तोंड

डॉक्टर बागूल बाई म्हणाल्या, पिशवीच्या तोंडाशी आहे.
मी म्हटलं, तोंडाशी म्हणजे
नाडी घालतो तिथं का?
त्या हसल्या नाहीत. मान हलवली.

प्लास्टिक बंद झालं त्या वर्षी
रविवार कारंजाच्या चार किराणावाल्यांना
मी पिशव्या शिवून दिल्या, उरल्यासुरल्या कापडाच्या,
दीड रुपया शिलाई.
पिशवी फाटते ती तोंडाशीच, बंदाजवळ.
तिथं दोनदा टीप मारावी लागते, हे मला
कुणी शिकवलं नव्हतं.

पाळी जाऊन चार वर्षं झालेली.
परत लाल दिसलं तेव्हा वाटलं, मशीनवर बसून बसून.
चिंध्या घरच्याच, धुणं घरचंच,
सांगायचं काय त्यात.
लग्नसराईचे ब्लाउज होते सदतीस.
ते दिले, मग गेले.

आधी ऑपरेशन.
पिशवी काढली, आजूबाजूचं काढलं, गाठी काढल्या.
टाके मी आठव्या दिवशी आरशात पाहिले:
अंतर सारखं, ताण सारखा,
बेंबीखाली एकच जरा ओढलेला.
मनात म्हटलं, हात चांगला आहे.
वाटलं, कापलं, शिवलं, झालं.

मग गाठींचा रिपोर्ट आला.
एकीत होतं.
एकाच.
बाई म्हणाल्या, कात्रीला दिसतं तेवढं कात्री काढते,
न दिसणाऱ्याला शेक द्यायचा, पंचवीस दिवस,
आणि दर सोमवारी सलाईन,
त्यानं शेकाला धार येते.
तिन्ही कशाला, मी विचारलं.
त्यांनी कागदावर काढून दाखवलं.
कागद मला कळला नाही.
त्यांनी तो दोनदा काढला, ते कळलं.

निमाणीहून सकाळची बस.
होळकर पुलावर मी बाटली उघडायची:
खाली अख्खी गंगा, माझ्याकडे पाऊण लिटर.
प्यायचं आणि धरून बसायचं.
लघवीची पिशवी भरली की आतडी वर सरकतात म्हणे,
किरणांच्या वाटेतून.
एक पिशवी गेली तर दुसरीला काम लागलं.
बाकावर आम्ही सहा-सात जणी, सगळ्या पाणी धरून:
सुरगाण्याच्या मंजुळाबाई गावित, मालेगावची जैबुन्निसा,
निफाडची एक पोरसवदा, नाव सांगायची नाही.
कुणी हसवायचं नाही असा नियम.
जैबुन्निसा रोज मोडायची.

आत ओंकार नावाचा मुलगा
पोटावर जांभळ्या रेघा मारायचा.
खडू पुसतो रे, मी म्हटलं.
म्हणून तर पेन, तो म्हणाला, आंघोळ जपून करा.
एकोणतीस वर्षं बायकांच्या अंगाला टेप लावली,
आता छताकडे बघत
माझं माप.
‘हलू नका.’
हे तर माझं वाक्य.

सोमवारची चव टाचण्या दातात धरल्यासारखी,
फक्त काढून ठेवता यायच्या नाहीत.
पाच सोमवार झाले. सहावा नाही, पेशी उतरल्या.
केस गेले नाहीत.
शेजारी म्हणाली, मग कसला गं कॅन्सर?

शेवटी आतला शेक, दोन वेळा.
त्याबद्दल मी निफाडच्या पोरीला सांगितलं,
कानात, हात धरून.
इथं नाही.

आता मांजरपाटाच्या सात पिशव्या काढल्यात.
फाइल, बाटली, रेशनकार्डाची झेरॉक्स मावेल,
फिल्म दुमडणार नाही
एवढं तोंड रुंद.
मंजुळाबाई दोन गुरुवार आल्या नव्हत्या.
त्यांचीही कापून ठेवली आहे.
इस्त्री तापली की हात अजून पोटावर जातो.

रात्री पहिलीच्या बंदाजवळ
तिसरी टीप मारून बघितली.
सुई अडली,
मग गेली.