झाकण

धायरीत चौथ्या मजल्यावर, उत्तरेच्या खिडकीशी
पारदर्शक प्लास्टिकचे सात डबे,
बोहरी आळीतून घासाघीस करून आणलेले.
आत चार बोटं चिखल, वर झाकण,
झाकणाला आतून घाम.

पाण्यातली झाडं मी पाण्याबाहेर वाढवते.
हे सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात
आणि मग माझ्या नवऱ्याकडे.
शेजारच्या गोडांबेबाई म्हणाल्या,
"मग मासे कुठे ठेवता, गादीवर?"

मासे नाहीत. कधीच नव्हते.

पहिल्या खेपेला सगळं बसलं.
इर्शादभाईंच्या टाकीतली क्रिप्टोकोरिनची बारा रोपं,
पाण्यात कशी ऐटीत डुलत होती,
तिसऱ्या दिवशी शिजलेल्या अळूसारखी लगदा.
रडले नाही. पोळ्या करपल्या त्या दिवशी, एवढंच.
इर्शादभाई फोनवर हसले.
"ताई, पाण्यातलं पान हवेत टिकत नाही.
ते जाऊ द्या. खाली गड्डा कडक आहे का,
बोटानं दाबून बघा."
बघितलं. कडक होता.

नंतर बुरशी,
फुटलेल्या सावरीच्या बोंडासारखी, एका रात्रीत.
काडीनं उचलली, दालचिनीची पूड भुरभुरली.
आठवडाभर घरात पुलावाचा वास
आणि पुलाव नाही.
नंतर चिलटं. पिवळ्या चिकटपट्ट्या टांगल्या,
पहिला सापडला तो नवऱ्याचा चष्मा.
नंतर पानांवर खडूचे ठिपके:
सोसायटीला टँकर, टँकरला बोअर,
फवारा मारला की पानापानावर टँकरवाल्याची सही.
आता गोडांबेबाईंच्या एसीच्या नळीखाली
माझी बाटली असते.
त्या विचारत नाहीत, मी सांगत नाही.

पण खरी गोष्ट झाकणाची.
बंद ठेवलं तर कुजतं, काढलं तर वाळतं,
आणि चैत्रात इथली हवा म्हणजे
विस्तवावर धरलेला पापड.
मी देवरुखची. लग्न होऊन आले तो मार्च होता.
ओठ फुटले, टाचा फुटल्या,
एकदा तर भाजी चिरताना नाकातून रक्त.
"होईल सवय," सगळे म्हणाले. झालीही.

म्हणून मी घाई करत नाही.
झाकण आधी काडेपेटीच्या काडीएवढं.
चार दिवसांनी पेन्सिलीएवढं.
मग दोन बोटं.
पान वाकलं की मुकाट्यानं पुन्हा बंद,
त्यात कमीपणा कसला.

नवं पान येतं ते जुन्यावर जात नाही.
आखूड, जाड, ताठ,
मेणाचा हात फिरवल्यासारखं.
दुकानातला पोऱ्या म्हणाला, ही आमची रोपं नव्हेत.

आणि परवा दुधाची पिशवी आत घेताना दिसलं:
चिखलातून वर आलेलं फूल,
जांभळट, पीळ घातलेलं, उंदराच्या शेपटीएवढं.
वास म्हणाल तर वाईटच.
पाण्याखाली वर्षानुवर्षं राहून जे उमललं नसतं.
इर्शादभाईंना फोटो पाठवला.
"अहो, ही जात तुमच्याच बाजूची,
कोकणात ओढ्याकाठी उगवते."

म्हणजे शाळेतून येताना, चपला हातात घेऊन,
गवत समजून
मी कितीदा तरी हिच्यावर पाय दिला असेल.

वीस कुंड्या औंधच्या किणीकरांना दिल्या.
त्यांनी हौसेनं टाकीत लावल्या,
आज सकाळी फोन, आवाज चढलेला:
"बाई, सगळी पानं विरघळली, पैसे परत द्या."
मी म्हटलं, देते.
हवेतलं पान आहे, पाण्यात जाणारच ते.
त्याआधी एक करा, खाली गड्ड्याला बोट लावून बघा.

दुसऱ्या टोकाला थोडा वेळ काहीच नाही.
मग बांगडीसारखं घड्याळ काचेवर ठेवल्याचा,
आणि पाण्यात हात गेल्याचा आवाज.