मोजपट्टी

दंगरा सोडल्यावर डांबर संपतं.
पुढे एका गाढवामागून चालत
मी नोरबीबीच्या अंगणात पोचलो,
खांद्याच्या पिशवीत फीत, वही आणि खात्याचा शिक्का.

"आधी तो तुला हुंगेल," ती म्हणाली,
"मग तू त्याला मोज."

त्यानं हुंगलं. बाही, वही, शिक्क्याची शाई.
शाईला शिंकला.

जात लोकाई. वय चार. रंगाच्या रकान्यात
मी 'सोनेरी तांबूस' लिहिलं,
म्हणजे गच्चीवर वाळत घातलेला जर्दाळू
तिसऱ्या दिवशी होतो तसा.
आणि अंगभर कुरळे केस,
मानेवर, पोटाखाली, थेट कानांच्या आत,
जणू कालच जन्मलेलं कोकरू
वाढायचं कुठे थांबायचं ते विसरलं.

पुढचा पाय उचलला. नाल नव्हती.
"ह्या दगडांवर नाल झिजते," ती म्हणाली,
"खूर दगडाला झिजवतो."

मग नवरोजच्या बुझकशीची गोष्ट, चहा ओतता ओतता:
शहरातले उंच घोडे वळायला जागा शोधत होते,
तोवर हा बकरा घेऊन टेकडीमागे.
स्वार कोण होता, मी विचारलं.
ती कप विसळत राहिली.

खांद्यापाशी फीत धरली.
एकशे बेचाळीस.
खात्याला चव्वेचाळीस लागतात.
मी फीत पुन्हा लावली, थोडी सैल,
अंगठा थोडा वर.

"खरं लिही," नोरबीबी म्हणाली.
"माझा तुर्दीकुलही बुटकाच होता.
म्हणून काय मी त्याला परत पाठवला?"

बेचाळीस लिहिलं.

रात्री फोन वाजला. ट्युमेनहून, एगमबेर्दी,
चौदाव्या मजल्यावर विटा रचतो.
आईनं तब्येत विचारली, पैसे पोचल्याचं सांगितलं,
मग चप्पल न घालताच तबेल्यात गेली
आणि फोन घोड्याच्या तोंडापाशी धरला.

लसूणघास चावला जात होता.
करकर, थांबणं, पुन्हा करकर.
फोनमधून बराच वेळ कुणी बोललं नाही.
मला वाटलं, लाइन तुटली.

मग मुलाचा आवाज आला, बारीक:
"आई, जरा वर धर.
श्वास ऐकू येत नाहीये."